छोट्या विद्यापीठाचा नवा फुटबॉल संघ: पहिली चार वर्षं कशी असतात?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा भाचा न्यू जर्सीत वाढला, शाळेत सॉकर (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो) खेळला आणि आता एका छोट्या खासगी विद्यापीठात शिकतो. तिथे मागच्या वर्षी अमेरिकन फुटबॉलचा संघ नव्याने उभा केला. पाय चांगला म्हणून त्याला किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारणारा खेळाडू, म्हणून घेतलं. पहिल्या हंगामात संघाने एकही सामना जिंकला नाही, काही सामने तर पन्नासच्या वर गुणांनी गेले. घरच्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: कारभार ढिसाळ आहे का, असा संघ विद्यापीठ काढतंच कशाला, आणि मुलाने तिथे राहावं का.

मी अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. जिममधल्या ट्रेनरपेक्षा हे काम वेगळं. खेळाडूंच्या दुखापती टाळणं, मैदानावर पहिला उपचार करणं आणि नंतर त्यांना पुन्हा खेळण्याजोगं करणं, हा आमचा व्यवसाय. माझी नोकरीची बरीच वर्षं कॉलेज फुटबॉलमध्ये गेली आणि त्यातली काही अशाच नव्या कोऱ्या संघाबरोबर. त्यामुळे प्रशिक्षक जे सांगतील त्यापेक्षा माझं उत्तर थोडं निराळं असेल.

पहिल्या दोन-तीन वर्षांत गुणफलकावरून जवळजवळ काहीच कळत नाही. ऑगस्टमध्ये सरावाला किती मुलं आली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातली किती धडधाकट उभी आहेत, हे दोन आकडे मिळाले तर संघाची खरी तब्येत कळते.

कारण हा खेळ माणसं खातो. मैदानावर अकरा जण दिसतात, पण आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे आणि किक-पंटच्या वेळी (पंट म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब मारणं) उतरणारी स्पेशल टीम आणखी वेगळी. शिवाय जागा एकमेकांच्या बदल्यात चालत नाहीत. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक जखमी झाला तर दुसरा कुणीतरी ग्लोव्ह्ज घालून निभावून नेतो. इथे सेंटर, म्हणजे मधोमध वाकून क्वार्टरबॅककडे (खेळी चालवणाऱ्याकडे) चेंडू देणारा पुढच्या रांगेतला लाइनमन, जायबंदी झाला तर तिथे लांब पळून पास झेलणारा ऐंशी किलोचा रिसीव्हर उभा करता येत नाही. समोर एकशेतीस किलोचा माणूस असतो. मोठ्या विद्यापीठाकडे त्या जागेसाठी तीन-चार मुलं तयार असतात. नव्या संघाकडे दीड असतात: एक खरा सेंटर आणि एक दुसऱ्या जागेवरून उसना घेतलेला.

हे सगळं सोमवारी सकाळी दिसतं. सामना शनिवारी होतो, रविवारी मुलं झोपा काढतात आणि सोमवारी पहिल्या तासाच्या आधी आमच्या खोलीबाहेर रांग लागते. कुणाचा घोटा, कुणाचं बोट, कुणाचा खांदा सांध्यातून अर्धवट सरकलेला. मी एक यादी करते. त्यात तीन रकाने: पूर्ण सराव, मर्यादित सराव, सराव नाही. ही यादी दुपारी मुख्य प्रशिक्षकाच्या हातात जाते आणि तिच्यावरून आठवड्याचा सराव ठरतो. सप्टेंबरात तिसऱ्या रकान्यात चार-पाच नावं असतात. ऑक्टोबर संपता संपता नव्या संघात हा रकाना पहिल्याशी स्पर्धा करायला लागतो. त्यात डोक्याला मार लागलेला एक जरी असला तरी तो प्रशिक्षकाच्या हातातून सुटला. लक्षणं पूर्ण गेल्याशिवाय आणि टप्प्याटप्प्याने भार वाढवून बघितल्याशिवाय त्याला मैदानावर सोडता येत नाही, आणि सोडूही नये. मग आक्रमणाच्या सरावासाठी समोर बचाव उभा करायला अकरा मुलं उरत नाहीत. प्रशिक्षक कचऱ्याचे उभे डबे रांगेत लावून त्यांच्यापुढे खेळी शिकवतात. असा आठवडा गेल्यावर शनिवारी साठ गुणांनी हार झाली तर मला त्यात ढिसाळपणा दिसत नाही.

दुसरं कारण वय. नवा संघ म्हणजे बहुतेक सगळी पहिल्या वर्षाची मुलं, अठरा वर्षांची. समोर बावीस वर्षांचे खेळाडू, ज्यांनी चार वर्षं वजनं उचलली आहेत. आपल्या तालमीत कुमार गटातल्या पोराला वरिष्ठ गटातल्या पैलवानाशी कुणी जोडणार नाही. इथे दर शनिवारी जोडतात. लाइनवर हा फरक सगळ्यात क्रूर दिसतो, कारण तिथली ताकद हळूहळूच भरते. म्हणून जाणती माणसं नव्या संघाचा हिशोब चौथ्या वर्षी करतात. पहिली तुकडी टिकली, तर चौथ्या वर्षी बावीस वर्षांची मुलं आपल्याकडेही असतात.

जॉर्जियातल्या बेरी कॉलेजचं उदाहरण बघा. त्यांनी 2013 साली पहिला हंगाम खेळला आणि एकही सामना जिंकला नाही. सुरुवातीला स्वतःचं स्टेडियमसुद्धा नव्हतं, घरचे सामने रोम गावातल्या मैदानावर व्हायचे. पहिली तुकडी शेवटच्या वर्षाला पोहोचली तेव्हा ते आपल्या गटातल्या अव्वल संघांत होते.

आता उलट उदाहरण, कारण माणसं नसली की काय होतं ते त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. टेनेसी राज्यातल्या लेबनन गावी कंबरलंड विद्यापीठ आहे. 7 ऑक्टोबर 1916 रोजी अटलांटाच्या ग्रँट फील्डवर जॉर्जिया टेकने त्यांना 222-0 असं हरवलं. कॉलेज फुटबॉलमधला हा सगळ्यात एकतर्फी निकाल आजही लोक चवीने सांगतात. मला तो चवीने ऐकवत नाही, कारण ज्याला लोक संघ म्हणतात तो संघ नव्हताच. कंबरलंडने त्या हंगामाआधी फुटबॉल बंद केला होता. पण सामन्याचा करार झालेला होता आणि न खेळल्यास 3000 डॉलर दंड होता. आले तर 500 डॉलर मिळणार होते. छोट्या विद्यापीठाला तो दंड परवडणारा नव्हता. जॉर्ज अ‍ॅलन नावाच्या विद्यार्थी व्यवस्थापकाने हाताला लागतील तेवढे मित्र गोळा केले, त्यात कायद्याचे विद्यार्थी बरेच, आणि रेल्वेने अटलांटाला नेले. मध्यंतराला 126-0 झालं होतं. उत्तरार्ध थोडा आखूड केला तरी आकडा 222 वर गेला. कंबरलंडला सबंध सामन्यात एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणं) मिळाला नाही. जॉर्जिया टेकलाही नाही, कारण त्यांना तो मिळवायची गरजच पडली नाही, त्याआधीच टचडाउन व्हायचा, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचायचा.

टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन, ज्याच्या नावाने आज कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार दिला जातो. याच कंबरलंडने 1903 साली नोव्हेंबरमध्ये पाच दिवसांत अलाबामा, लुईझियाना स्टेट आणि टुलेन अशा तीन संघांना हरवलं होतं, त्यातल्या अलाबामाला 44-0 असं. त्याच हंगामाच्या शेवटी त्यांनी क्लेमसनशी 11-11 अशी बरोबरी केली आणि तेव्हा क्लेमसनचा प्रशिक्षक हाच हाइझमन होता. म्हणजे विद्यापीठ तेच, गाव तेच. तेरा वर्षांत फरक पडला तो मैदानावर उतरायला तयार मुलं आहेत की नाहीत एवढ्याचा. जॉर्ज अ‍ॅलन पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या निकटवर्तीयांत गेला, पण लोकांनी त्याची आठवण ठेवली ती या सामन्यासाठी.

करार आणि पैसा हा धागा आजही तुटलेला नाही. मोठी विद्यापीठं स्वतःच्या मैदानावर सोपा सामना मिळावा म्हणून छोट्यांना मोबदला देऊन बोलावतात. याला इथे गॅरंटी गेम म्हणतात. 2012 च्या सप्टेंबरमध्ये सवाना स्टेट या छोट्या विद्यापीठाने असे दोन सामने लागोपाठ घेतले. ओक्लाहोमा स्टेटकडून 84-0 ने हरले, पुढच्या आठवड्यात फ्लोरिडा स्टेटकडून 55-0 ने, आणि हा दुसरा सामना तर तिसऱ्या क्वार्टरमध्येच विजा चमकायला लागल्या म्हणून थांबवला. दोन्ही मिळून विद्यापीठाला 8 लाख 60 हजार डॉलर मिळाले. त्या पैशांतून इतर खेळांचा प्रवास आणि शिष्यवृत्त्या निघतात हे खरं आहे. पण माझ्या खोलीतून बघाल तर त्याची किंमत मुलांची शरीरं मोजतात, आणि अशा दोन शनिवारांनंतर आपल्या बरोबरीच्या संघांविरुद्धचा हंगाम अर्ध्या ताकदीने खेळावा लागतो. कॉलेज खेळांत तीन पायऱ्या असतात, डिव्हिजन वन सगळ्यात वरची आणि थ्री सगळ्यात खालची. सवाना स्टेट 2002 पासून डिव्हिजन वनमध्ये धडपडत होतं. 2019 साली ते डिव्हिजन टूमध्ये परतलं आणि पहिल्याच हंगामात हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले जास्त झाले. काही लोकांनी याला माघार म्हटलं. माझ्या मते आपल्या पटसंख्येला झेपेल अशा पायरीवर खेळायचं ठरवणं हा शहाणपणाचा निर्णय होता.

टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एमचा प्रकार आणखी वेगळा. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांमध्ये 1950 आणि 60 च्या दशकांत हा संघ दबदबा असलेला होता. पुढे आर्थिक गैरव्यवहारामुळे 1990 चा हंगाम रद्द झाला आणि 1991 मध्ये संघ परत आला तो शिष्यवृत्त्यांशिवाय. समोरचे संघ मात्र शिष्यवृत्त्या देतच होते. त्या एका हंगामात प्रेअरी व्ह्यूने सगळे मिळून 48 गुण केले आणि 600 हून अधिक दिले. 1989 पासून सुरू झालेली हार ऐंशी सामने चालली. 26 सप्टेंबर 1998 ला लँगस्टनविरुद्ध 14-12 ने जिंकून ती संपली. मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर हे अभ्यासासाठी नावाजलेलं कॉलेजसुद्धा 1974 ते 1980 या काळात सलग पन्नास सामने हरलं होतं.

विद्यापीठ हे कशाला करतं, या प्रश्नाचं उत्तर हिशोबाचं आहे. तुम्ही छोटं खासगी विद्यापीठ म्हणता, तेव्हा ते बहुधा डिव्हिजन थ्रीमध्ये असेल. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. डिव्हिजन टूमध्ये फुटबॉलला 36 शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे, वरच्या पायऱ्यांवर जास्त, थ्रीमध्ये शून्य. म्हणजे संघातला प्रत्येक मुलगा गुणवत्तेवर किंवा घरच्या परिस्थितीनुसार मिळणारी सवलत वजा करून फी भरतो. समजा नव्वद मुलं आली आणि सवलतीनंतर प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर भरले, तर अठरा लाख डॉलर झाले. प्रशिक्षकांचे पगार, हेल्मेट, बस, मैदान धरूनही हातात काही उरू शकतं. ज्या छोट्या कॉलेजांत मुलगे कमी येतात त्यांना तर फुटबॉल हा मुलगे आणण्याचा हुकमी मार्ग वाटतो. यात लबाडी नाही, फक्त ते उघडपणे सांगावं एवढीच माझी अपेक्षा आहे. हा हिशोब एकाच गोष्टीवर उभा आहे, मुलं टिकण्यावर. पहिल्या वर्षानंतर निम्मी मुलं निघून गेली तर विद्यापीठाचंही गणित कोसळतं आणि मैदानावर दरवर्षी पुन्हा अठरा वर्षांचीच पोरं उभी राहतात.

छोटे आणि गरीब संघ या खेळाला काय देऊन गेले, हेही सांगायला हवं. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधला पहिला सामना 27 डिसेंबर 1892 रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्झबरीत झाला, बिडल विद्यापीठ आणि लिव्हिंगस्टन कॉलेज यांच्यात. लिव्हिंगस्टनच्या संघाचे पोशाख तिथल्याच विद्यार्थिनींनी शिवले होते, आणि मुलांनी रोजच्या वापरातल्या बुटांना खिळे बसवून घेतले होते. मैदानावर बर्फ होता, रेषा दिसत नव्हत्या, आणि लिव्हिंगस्टनने केलेला टचडाउन रेषेच्या आत की बाहेर यावर वाद होऊन निकाल बिडलच्या बाजूने गेला. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट हे कर्णबधिरांचं विद्यापीठ. 1890 च्या दशकात दुसऱ्या कर्णबधिर संघाशी खेळताना आपल्या हातांच्या खुणा समोरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून त्यांचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड खेळाडूंना गोल करून उभं करायचा. आज मोठमोठे संघ प्रत्येक खेळीआधी घोळका करून उभे राहतात, तो हडल तिथून आला. मी जेव्हा जेव्हा हडल बघते तेव्हा मला गॅलॉडेट आठवतं, आणि छोट्या संघाला कुणी हसलं की राग येतो.

आता घरच्यांनी काय विचारावं ते. संघासाठी पूर्णवेळ, परवानाधारक अ‍ॅथलेटिक ट्रेनर किती आहेत, हा पहिला प्रश्न. सगळ्या खेळांना मिळून एकच असेल तर फुटबॉलच्या हंगामात त्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो आणि छोटी दुखणी नजरेआड होऊन मोठी होतात. हेल्मेट दरवर्षी तपासणी आणि दुरुस्तीसाठी पाठवतात का, ते विचारा. नव्या संघात नवीनच असतील, पण तिसऱ्या वर्षी काटकसर सुरू होते ती इथूनच. ऑगस्टच्या उन्हात पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे दोन दिवस हेल्मेट आणि शोल्डर पॅड, त्यानंतरच पूर्ण सामग्री, असा क्रम असतो. तो काटेकोर पाळला जातो का? बर्फाच्या पाण्याचा टब मैदानाच्या कडेला भरून ठेवलेला असतो का? उष्माघात झालेल्या मुलाला आधी त्यात बुडवून थंड करायचं आणि मगच रुग्णवाहिकेत घालायचं असतं. टब स्टोअर रूममध्ये असेल तर तो नसल्यासारखाच.

आणि एक आपल्याशी संबंधित गोष्ट. इथे कॉलेजमध्ये खेळण्यापूर्वी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची स्थिती तपासून नोंदवावी लागते. अनेक भारतीय कुटुंबं, हा आपला आजार नाही, असं म्हणून ते गमतीवारी नेतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल चांगलाच आढळतो. फक्त वाहक असलेला मुलगा एरवी पूर्ण निरोगी असतो, पण उन्हात विश्रांतीशिवाय धावण्याचे फेरे मारताना तो कोसळू शकतो. आधी माहीत असेल तर मध्ये पुरेशी विश्रांती देऊन तो सगळं खेळू शकतो. ही तपासणी अजिबात टाळू नका.

किकरबद्दल थोडं वेगळं. हरणाऱ्या संघात त्याच्या वाट्याला किक कमीच येतात, कारण टचडाउनच होत नाहीत. तोच पंटही मारत असेल तर मात्र पायावर भार फार पडतो, एका सामन्यात आठ-दहा पंट सहज. सरावातल्या किक मोजून ठेवल्या जातात का ते त्याला विचारा. जांघेचं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचं दुखणं इथूनच सुरू होतं आणि सॉकरची सवय असलेली मुलं ते लपवतात. दुसरं, फील्ड गोल (चेंडू खांबांमधून मारून गुण मिळवणं) चुकला की लोक किकरकडे बघतात. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे दिल्यापासून, पाय चेंडूला लागेपर्यंत साधारण 1.3 सेकंद मिळतात आणि त्यात स्नॅपर, चेंडू धरून ठेवणारा आणि किकर असे तिघं असतात. नव्या संघात स्नॅपर बहुधा उसना असतो. या तिघांना सरावात एकत्र वेळ देतात का, यावरून प्रशिक्षकाची जाण कळते. आणि किकऑफनंतर, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकनंतर, समोरचा खेळाडू सगळ्यांना चुकवून निघाला तर शेवटचा माणूस किकरच असतो. सॉकर खेळलेल्या मुलाला टॅकल कसा करायचा, डोकं बाजूला ठेवून खांदा कसा लावायचा, हे कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकवल्याशिवाय त्याने किकऑफला उतरू नये, असं प्रशिक्षकाला तो स्पष्ट सांगू शकतो. चांगला प्रशिक्षक याने दुखावत नाही.

त्याने राहावं की नाही, हे वसंतात ठरवा. मार्च-एप्रिलच्या सरावात पहिल्या तुकडीतली किती मुलं परत आलीत ते त्याला मोजू द्या. निम्म्याहून बरीच जास्त असतील, ट्रेनर तेच असतील आणि मुख्य प्रशिक्षक बदलला नसेल, तर दुसऱ्या वर्षीही बहुतेक सामने जातील हे धरून त्याला तिथे राहू द्या. मुलं गळाली असतील तर जे गेले त्यांच्याशी त्याने बोलावं. अभ्यास झेपला नाही म्हणून गेले, खर्च परवडला नाही म्हणून गेले, की दुखापत असताना खेळायला लावलं म्हणून गेले, यात फार फरक आहे. शेवटचं कारण दोघा-तिघांनी सांगितलं, तर विद्यापीठ आवडत असेल तर तिथेच शिकावं आणि फुटबॉल मात्र सोडावा.